भयाची गोडी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक चमत्कारिक पाहुणा येऊं लागला. त्याच्यासाठीं पान मांडावें लागत नसे कीं अंथरूण घालावें लागत नसे. परंतु सायंकाळीं दिवा लागला कीं माजघरांत जमलेलीं आमचीं लहानथोर माणसें त्याची वाट पाहूं लागत. आमची नात मुंबईस शिकते. ती सुटींत घरीं आली असतां ३ मे रोजीं तिच्या भ्रमणध्वनीवर एका तरुण इंग्रज वकिलाची रोजनिशी आली. कोणा सरदाराच्या घरखरेदीच्या कामानिमित्त तो कार्पेथियन पर्वताकडे चालला होता. वाटेंत एका मुक्कामीं कोणता पदार्थ खाल्ला, त्यानें तहान कशी लागली, आणि त्याची कृति आपल्या नियोजित वधूकरितां कशी मागून घेतली पाहिजे, हें सर्व त्यानें टिपून ठेविलें होतें. आमच्या वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलगा संसारी दिसतो. मुलीचें नांव काय म्हणालीस?" नात म्हणाली, "मीना." हें नांव ऐकतांच ती मुलगी वहिनींस आपल्या आळींतलीच वाटूं लागली.

पुढें दोन दिवसांनीं तो वकील त्या सरदाराच्या वाड्यांत शिरला. ८ मे रोजीं त्याला दाढी करतांना दिसून आलें कीं शेजारीं उभ्या असलेल्या यजमानाचें प्रतिबिंब आरशांत पडत नाहीं. १२ मे रोजीं तोच यजमान खिडकींतून बाहेर पडून, डोकें खालीं करून, पालीसारखा भिंतीवरून उतरतांना त्याच्या दृष्टीस पडला. त्या रात्रीं आमच्या घरांतील दोन मुलें एकटीं मागील दारीं गेलीं नाहींत. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं वहिनींचा पहिला प्रश्न, "त्या मुलाचें पुढें कांहीं कळलें का?"

हा मुलगा म्हणजे जोनाथन हार्कर, आणि हें पुस्तक म्हणजे ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी, हें सुज्ञ वाचकांनीं ओळखलेंच असेल. ती १८९७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांत निवेदक असा कोणी नाहीं. सारी कथा रोजनिशा, पत्रें, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणें यांतून उलगडते, आणि जवळजवळ प्रत्येकावर तारीख आहे. ३ मेला आरंभ होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत ती संपते. याचा उपयोग करून एका गृहस्थांनीं २०२१ सालापासून ज्या दिवसाचा मजकूर त्या दिवशींच वाचकांकडे धाडण्याची योजना काढली, आणि पुढच्याच वर्षीं तिचे वाचक लाखांच्या घरांत गेले. ज्या दिवशीं कादंबरींत तारीख नाहीं त्या दिवशीं पत्र नाहीं. वाड्यांत कोंडलेल्या मुलाकडून आठवडाभर अक्षर येऊं नये, आणि वाचणाऱ्यानें काळजी करीत बसावें! पुस्तक हातांत असतें तर पान उलटून मोकळे झालों असतों. वाट पाहण्यांत जें भय आहे तें ग्रंथकारानेंच तारखा घालून तेथें ठेविलेलें होतें. सव्वाशें वर्षांनीं कोणास तरी तें सांपडलें.

स्टोकर हे मूळचे डब्लिनचे. पेशानें लंडनच्या लायसीअम नाट्यगृहाचे व्यवस्थापक, आणि हेन्री अर्व्हिंग या विख्यात नटाचे उजवे हात. ज्या ट्रान्सिल्व्हेनियाचें वर्णन वाचून अंगावर कांटा येतो तेथें ते जन्मांत कधीं गेले नव्हते. १८९० च्या उन्हाळ्यांत ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी या मासेमारीच्या गांवीं सहकुटुंब हवापालटास गेले. तेथील वाचनालयांत विल्यम विल्किन्सन या इंग्रज वकिलातदाराचें १८२० सालचें एक रुक्ष पुस्तक त्यांच्या हातीं लागलें, आणि त्यांत 'ड्रॅक्युला' हें नांव त्यांस मिळालें. आरंभींच्या टिपणांत त्यांच्या खलपुरुषाचें नांव 'काउंट वॅम्पिर' असें होतें. तें तसेंच राहिलें असतें तर आज त्याचें नांव कोणीं घेतलें असतें कीं नाहीं, शंका आहे. गांवच्या लोकांकडून त्यांनीं ऐकलें कीं १८८५ सालीं 'दिमित्री' नांवाचें रशियन जहाज नार्व्हा बंदराहून येऊन व्हिटबीच्या वाळूंत रुतलें. कादंबरींत तेंच 'डिमीटर' होऊन व्हार्ना बंदराहून येतें, आणि सुकाणूला बांधलेल्या मृत कप्तानासह किनाऱ्यास लागतें. अक्षरांची अदलाबदल करून भय निर्माण करणारा हा मनुष्य मला फार आवडला. कल्पनेची भरारी म्हणतात ती पुष्कळदां अशा टिपणवहींतूनच उडते.

त्या व्हिटबींत आज काय चालतें तें ऐकण्यासारखें आहे. बंदरापासून टेकडीवरील सेंट मेरीच्या देवळापर्यंत एकशें नव्याण्णव पायऱ्या आहेत. त्यांपलीकडे जुन्या मठाचे भग्न अवशेष. ह्या पायऱ्या काळीं वस्त्रें परिधान केलेले तरुण-तरुणी आणि माझ्या वयाचे आजोबासुद्धां चढत असतात. १९९४ पासून तेथें त्यांचे मेळे भरत आले आहेत. कादंबरीला १२५ वर्षें झालीं त्या दिवशीं, म्हणजे २६ मे २०२२ रोजीं, मठाच्या आवारांत १,३६९ माणसें झगे पांघरून आणि सुळे लावून एकत्र जमलीं व त्यांनीं जागतिक विक्रम केला. देवळाच्या व्यवस्थापकांस तर 'ड्रॅक्युलाचें थडगें येथें नाहीं, कृपया विचारूं नये' अशा अर्थाची पाटी लावावी लागली! जो कधीं जन्मला नाहीं त्याच्या थडग्याची चौकशी करणारे हे लोक वेडे आहेत काय? मला तसें वाटत नाहीं. शकुंतलेचा आश्रम कोठें होता, हा प्रश्न आमच्या वर्गांतील मुलेंही विचारीत, आणि मी तो मोठ्या कौतुकानें ऐकत असें.

आतां मूळ शंका. ज्यापासून मनुष्य पळून जातो तेंच तो पैसे देऊन, दिवा लावून, पांघरुणांत शिरून कां वाचतो? माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. परंतु पाठशाळेंत शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून जें चार अक्षर संस्कृत शिकलों त्यांत ह्या प्रश्नाचा विचार झालेला आहे. भरतमुनींनीं भयानक हा रस मानला आणि भय हा त्याचा स्थायी भाव सांगितला. त्यावर सुमारें हजार वर्षांपूर्वीं काश्मिरांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनीं जें विवेचन केलें त्यांत उदाहरण घेतलें आहे शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील हरिणाचें. दुष्यंताचा रथ मागें लागला आहे आणि हरिण मान वळवून वळवून पाहत पळत आहे. प्रेक्षकाला तेथें भय प्रतीत होतें. परंतु तें भय हरिणाचें नाहीं, राजाच्या शत्रूचें नाहीं, आणि माझेंही नाहीं. 'मी भ्यालों' असें म्हटलें तर पळावें लागेल, आणि 'तो भ्याला' असें म्हटलें तर मला त्याचें काय? दोहोंतून सुटलेलें, स्थळकाळाचें बंधन गळून पडलेलें जें निखळ भय, तेंच आस्वाद्य होतें. व्हिटबीच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या मंडळींस अभिनवगुप्तांचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण त्यांना लाभणारा आनंद याच जातीचा आहे, असें मला वाटतें.

मात्र एवढ्यानें माझें समाधान होत नाहीं. भय आस्वाद्य कां होतें हें कळलें, पण जुना वाडा, बंद खोली, जिन्यावरील पाऊल हींच भयें अडीचशें वर्षें कां टिकलीं? रणगाडे आले, अणुबाँब आला, महामारी येऊन गेली. तरी २०२४ सालच्या नाताळांत 'नॉस्फेराटू' हा चित्रपट पुन्हां नव्यानें आला आणि २०२५ सालीं गिलेर्मो देल तोरो यांचा 'फ्रँकेन्स्टाइन' आला. 'नॉस्फेराटू' हा मूळचा १९२२ सालचा जर्मन मूकपट. त्यानें परवानगीवांचून ड्रॅक्युलाची कथा उचलली म्हणून स्टोकर यांच्या पत्नीनें दावा लावला, आणि १९२५ सालीं त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. त्यांतूनही कांहीं प्रती वांचल्या. मेलेला पुन्हां उठून बसतो हें त्या चित्रपटाच्या बाबतींत तरी खरें झालें.

याचें उत्तर शोधूं गेल्यास ह्या कथांच्या उगमाशीं जावें लागतें. गॉथ हे रोमच्या साम्राज्यावर धाडी घालणारे प्राचीन जर्मन वंशाचे लोक. पुढें यूरोपांतील अभिरुचिसंपन्न मंडळींनीं मध्ययुगीन टोकदार कमानींच्या बांधणीला 'गॉथिक' हें नांव ठेविलें, तें 'रानटी' ह्याच अर्थानें. मुंबईंत उतरणाऱ्या वाचकांस ही बांधणी नवी नाहीं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे दगडी प्राणी रोज लाखों लोकांच्या डोक्यावर आ वासून उभे असतात. अठराव्या शतकांत होरेस वॉल्पोल ह्या इंग्रज गृहस्थास ह्या हेटाळलेल्या बांधणीचा छंद लागला. हे प्रधानमंत्र्यांचे चिरंजीव. पैशाला तोटा नव्हता. त्यांनीं लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल येथें आपलें घरच तशा कमानींचें करून घेतलें. १७६४ सालच्या एका रात्रीं त्यांस स्वप्न पडलें: एका पुरातन किल्ल्याचा जिना, आणि त्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात. उठून ते लिहावयास बसले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' बाहेर पडली. प्रथम स्वतःचें नांव न घालतां त्यांनीं तिला जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर म्हणून खपविलें. लोकांना आवडली असें पाहून दुसऱ्या आवृत्तींत कबुली दिली आणि तिला 'गॉथिक कथा' म्हटलें.

त्या कथेंत लग्नाच्या दिवशीं आकाशांतून एक अवाढव्य शिरस्त्राण पडून वर चिरडला जातो. वाचतांना हंसूं येतें हें मी लपवीत नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं काय आहे? आजोबानें विषप्रयोग करून बळकावलेली गादी नातू भोगीत आहे, आणि तें पाप आतां पणतवाच्या डोक्यावर पडत आहे. गॉथिक कथेचें बीज तेथेंच आहे. तिच्यांतलें भूत स्मशानांतून येत नाहीं, घरांतूनच निघतें. आपणां एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसांस हें विशेष समजून सांगावयास नको. ज्या घरांत तीन पिढ्या नांदल्या तेथें एखादी कोठी असते, तिच्या कुलपाची किल्ली कोणापाशीं आहे तें सर्वांस माहीत असतें आणि कोणी विचारीत नाहीं. एखाद्या काकूंचें नांव निघालें कीं थोरलीं माणसें विषय बदलतात. मुलें हें सारें पाहतात. त्यांना भय वाटतें, पण कशाचें, तें सांगतां येत नाहीं. मग एखाद्या पुस्तकांत परक्या देशांतील वाड्याची अशीच एक खोली उघडलेली दिसली म्हणजे तीं तें पुस्तक खालीं ठेवूं शकत नाहींत.

वॉल्पोलनंतर ह्या कथा मुख्यतः स्त्रियांनीं वाढविल्या. अॅन रॅडक्लिफ ह्या बाईंची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' १७९४ सालीं आली, आणि तिच्याबद्दल प्रकाशकानें पांचशें पौंड मोजले. त्या काळीं ही रक्कम ऐकून लोक चकित झाले. किल्ल्यांत कोंडलेली अनाथ मुलगी, तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारा पालक, आणि शेवटीं प्रत्येक भुताचा उलगडा साध्या कारणानें, ही त्यांची रीत. वाचतांना मला राहून राहून मालतीमाधवाचा पांचवा अंक आठवला. कापालिकांनीं कराला देवीपुढें बळी देण्यास आणलेली मालती, आणि रात्रीं स्मशानांत हिंडणारा माधव तिची आरोळी ऐकून धांवतो! आमच्या विदर्भांतल्या पद्मपुरच्या भवभूतीनें हें सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं रंगभूमीवर आणलें. रॅडक्लिफबाईंनीं आणखी एक मार्मिक भेद केला आहे: एक भय मनाला विस्तारतें व जागें करतें, दुसरें किळसवाणें दृश्य दाखवून त्याला गोठवितें. आपल्याकडे भयानक आणि बीभत्स हे रस निराळे कां मानले याचें ह्याहून चांगलें स्पष्टीकरण मला वर्गांत कधीं करतां आलें नव्हतें. हल्लींच्या चित्रपटांतील रक्ताचे पाट पाहून नातसुद्धां तोंड फिरविते, आणि रिकाम्या आरशाचें एक वाक्य ऐकून तिला रात्रभर झोंप येत नाहीं.

अशा पुस्तकांनीं मुलें बिघडतात ही ओरडही तेव्हांचीच. मॅथ्यू लुइस यांची 'द मंक' निघाली तेव्हां, कवि कोलरिज यांनीं लिहिला असें मानल्या जाणाऱ्या १७९७ सालच्या परीक्षणांत म्हटलें होतें कीं, हें पुस्तक मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं पाहून आईबापांचा चेहरा पांढरा पडला तर नवल नाहीं. मौज अशी कीं, त्याच कोलरिजची 'क्रिस्टाबेल' ही कविता १८१६ च्या जूनमध्यें जिनीव्हाच्या सरोवराकाठीं एका बंगल्यांत लॉर्ड बायरन यांनीं मोठ्यानें म्हटली, आणि ती ऐकून कवि शेली किंचाळत खोलीबाहेर पळाले.

त्या बंगल्यांत अठरा वर्षांची एक मुलगी बसली होती. आदल्या वर्षीं इंडोनेशियांतील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन त्याची राख जगभर पसरली होती, त्यामुळें यूरोपांत तो उन्हाळा उगवलाच नाहीं. पाऊस आणि अंधार. घरांत कोंडलेल्या मंडळींनीं एकेक भुताची गोष्ट रचावी असें ठरलें. त्या मुलीची गोष्ट १८१८ च्या जानेवारींत निनांवी छापली गेली. तीच मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन'. तिला जन्म देऊन तिची आई अकराव्या दिवशीं वारली होती. सतराव्या वर्षीं तिला पहिली मुलगी झाली, ती नांव ठेवण्यापूर्वींच गेली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं मेरीनें रोजनिशींत एक स्वप्न लिहून ठेविलें कीं, बाळ नुसतें गारठलें होतें, शेकोटीजवळ चोळल्यावर तें जिवंत झालें. मेलेल्याला उठविण्याची ती प्रसिद्ध कथा त्यानंतर सव्वा वर्षानें लिहिली गेली. लोक तिला विज्ञानाच्या उन्मादाची गोष्ट म्हणतात. असेल. मला ती दुसऱ्याच वाटेनें समजली, आणि ती वाट माझ्या स्वतःच्या एका अपराधावरून जाते.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. दहावीच्या वर्गावर मी संस्कृत शिकवीत होतों. आषाढाचे दिवस, बाहेर पाऊस कोसळत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा पाठ्यपुस्तकाच्या आड दुसरेंच पुस्तक वाचतांना मला दिसला. मीं तें काढून घेतलें. सोप्या इंग्रजींत केलेला 'फ्रँकेन्स्टाइन'चा संक्षेप होता. वेष्टनावर शिवलेल्या तोंडाचा राक्षस. त्या मुलाची आई दोन महिन्यांपूर्वीं वारली होती. हें मला ठाऊक होतें, आणि म्हणूनच मी अधिक रागावलों. घरीं दुःख असतां ह्यानें भुताखेतांत रमावें! मीं सर्वांसमक्ष त्याला बुद्धिनाशावर चार वाक्यें ऐकविलीं. तो एवढेंच म्हणाला, "सर, यांत भूत नाहीं." मीं तें औद्धत्य समजून त्याला तास संपेपर्यंत उभें केलें. पुस्तक शिक्षकांच्या खोलींतील कपाटांत टाकलें, आणि विसरलों.

सेवानिवृत्तीच्या वेळीं कपाट रिकामें करतांना तें इतर पुस्तकांबरोबर घरीं आलें. ह्या वैशाखांत, ड्रॅक्युलाचीं पत्रें ऐकून मन हळवें झालें असतां, मीं तें प्रथमच उघडून वाचलें. मुलगा खरें बोलला होता. त्यांत भूत नाहीं. निर्माण करणाऱ्यानें ज्याला डोळे उघडतांच टाकून पळ काढला असा एक प्राणी आहे. त्याला नांवसुद्धां नाहीं. तो एका झोंपडीच्या आडोशाला लपून, फटींतून एका कुटुंबाला पाहत पाहत बोलावयास शिकतो, वाचावयास शिकतो. त्या घरांतील आंधळा म्हातारा तेवढा त्याच्याशीं गोड बोलतो, कारण त्याला तो दिसत नाहीं. मुलगा येतो तो काठीनें बडवून काढतो. आपल्या बालपणावर नजर ठेवणारा बाप नव्हता, हंसून पाहणारी आई नव्हती, हें त्या प्राण्याला जेथें उमगतें, त्या परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीनें एक बारीक रेघ ओढलेली होती.

मी सायंकाळपर्यंत तें पुस्तक घेऊन पडवींत बसून होतों. सौभाग्यवतींनीं दोनदां येऊन विचारलें, प्रकृति बरी आहे ना.

जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा पत्ता मिळविला. तो आतां पुण्यास असतो. पुस्तक टपालानें पाठविलें, आणि सोबत पत्र. तें लिहावयास मला तीन दिवस लागले. ज्येष्ठांत त्याचें उत्तर आलें. त्यानें लिहिलें आहे: पुस्तक पोहोंचलें. पहिल्या पानावरील शिक्का आपण पाहिलाच असेल. तें गांवच्या वाचनालयाचें होतें, आणि त्याची किंमत बाबांनीं तेव्हां भरून दिली, मला कांहीं बोलले नाहींत. शेवटचीं वीसएक पानें राहिलीं होतीं, तीं काल रात्रीं वाचलीं. तो प्राणी अखेरीस त्याच्या प्रेतापाशीं येऊन रडतो, हें मला इतकीं वर्षें माहीत नव्हतें. आतां पुस्तक वाचनालयांत परत करावें कीं आपल्यापाशीं ठेवावें, हें सर, आपणच सांगावें.

मीं अजून उत्तर लिहिलेलें नाहीं.